ग्रुपवर टाकलंय, बघून घ्या

आमच्या कॉलेजात कागद हरवत नाही. तो ‘ग्रुपवर टाकलेला’ असतो. परीक्षेची ड्युटी, रजेचा अर्ज, वीजबिल, प्रयोगशाळेत फुटलेल्या चंबूंची यादी, कुणाचा वाढदिवस, कुणाची तेरवी, सगळं ग्रुपवर टाकलेलं असतं, आणि ज्याला हवं त्यानं अंगठ्यानं वर सरकवत शोधून घ्यायचं असतं. पूर्वी कागद मागितला की बाबू कपाटाकडे बोट दाखवायचे, आता फोनकडे दाखवतात. कपाटाला निदान किल्ली होती, आणि ती कुणाकडे आहे हे शोधण्यात अर्धा दिवस तरी सुखात जायचा.

भंडारा जिल्ह्यातली आमची कॉलेजं राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची. विद्यापीठ १९२३ चं आणि नागपूरला. आम्ही वैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनीपर्यंत पांगलेले. एके काळी विद्यापीठाचं पत्रक पोचायला एसटी लागायची. आता ते कॉलेजच्या मेलवर यायच्या आधी स्टाफच्या ग्रुपवर येतं, आणि स्टाफच्या ग्रुपवर यायच्या आधी विद्यार्थ्यांकडे असतं. ‘सर, पेपर पुढे गेला,’ हे मला आजवर एकदाही कार्यालयाकडून आधी कळलेलं नाही. ते नेहमी मागच्या बाकावरून कळतं.

ग्रुप किती, हे विचारू नये. ‘ऑफिशियल’ म्हणून एक, ज्यात प्राचार्य आहेत. ‘स्टाफ’ म्हणून एक, ज्यात ते नाहीत. ‘स्टाफ ओन्ली’ म्हणून आणखी एक, ज्यात उपप्राचार्यही नाहीत. मग कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या नावानं ‘नॅक’, ‘नॅक क्रायटेरिया ३’, ‘नॅक फायनल’ आणि ‘नॅक फायनल फायनल’. ‘परीक्षा हिवाळी’ आणि ‘परीक्षा उन्हाळी’ हे दोन. बाहेरच्यांच्या माहितीसाठी सांगतो, आमच्या विद्यापीठात परीक्षांची नावं ऋतूंवरून असतात, स्वेटर घालून द्यायची एक आणि रुमाल बांधून द्यायची दुसरी. शिवाय राष्ट्रीय सेवा योजनेच्या एका जुन्या शिबिराचा ग्रुप, ज्यातलं शिबिर कधीच संपलं, दत्तक घेतलेलं गाव आम्हाला विसरलं, पण ग्रुपवर रोज सकाळी सूर्य उगवतो आणि त्याच्याखाली सुविचार असतो.

अशा या सुखी संसारात प्राचार्य एका कार्यशाळेला जाऊन आले. कार्यशाळेहून माणूस पिशवी, पेन, लेखनवही आणि एक नवा शब्द घेऊन येतो. या खेपेचा शब्द होता ‘रिटेन्शन पॉलिसी’. कोणता संदेश किती दिवस ठेवायचा, आणि मग पुसायचा, याचं लेखी धोरण. मोठमोठ्या विद्यापीठांत ते असतं म्हणे. प्राचार्यांना त्यातलं नेमकं काय पटलं ते सांगता येत नाही, पण धोरण म्हणजे कागद, आणि कागद म्हणजे नॅकला दाखवण्याची सोय, एवढं तर कोणत्याही प्राचार्याला झोपेतही कळतं. पर्यावरण धोरण आहे, ई-गव्हर्नन्स धोरण आहे, प्लास्टिकमुक्तीचं धोरण आहे, तेही प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. त्यात हे एक.

समिती नेमली गेली. अध्यक्ष प्राचार्य. सदस्य म्हणून आयक्यूएसीच्या, म्हणजे गुणवत्ता कक्षाच्या, समन्वयक मॅडम, ग्रंथपाल, संगणकशास्त्राचे एक तरुण सर, बडे बाबू आणि मी. मी का, तर मी मराठी शिकवतो. मराठीच्या माणसाला समितीत घेतात ते मत विचारायला नाही, इतिवृत्त लिहायला. पाहुण्यांचा परिचय, आभारप्रदर्शन, फलकावरचा सुविचार आणि इतिवृत्त ही आमच्या विभागाची चार पिकं आहेत. ती पाऊस पडो न पडो, येतात.

बैठक सुरू झाली तेव्हा तर्री-पोहे आलेले होते, म्हणून पहिली काही मिनिटं एकमत होतं. मग प्राचार्य म्हणाले, “माझं मत, चोवीस तास. चोवीस तासांनी सगळे मेसेज आपोआप गायब. व्हॉट्सॲपमध्ये सोय आहे.”

सोय आहे हे खरं. गायब होणारे मेसेज २०२० च्या नोव्हेंबरात आले तेव्हा सात दिवसांचे होते. पुढच्या वर्षी चोवीस तास आणि नव्वद दिवस असे आणखी दोन पर्याय मिळाले. त्याआधी २०१७ पासून ‘सर्वांसाठी डिलीट करा’ होतंच. सुरुवातीला त्यासाठी सात मिनिटं मिळायची. सात मिनिटांत आमच्याकडे चष्मा सापडत नाही. पुढे ती मुदत तासाभराच्या वर गेली आणि २०२२ पासून दोन दिवसांच्याही वर, म्हणजे आता माणूस मेसेज पाठवून, पस्तावून, बायकोशी चर्चा करून, एक रात्र झोपून मगही तो मागे घेऊ शकतो. पण मागे घेतलेल्या मेसेजची खूण मागे राहते, आणि ती मूळ मेसेजपेक्षा जास्त वाचली जाते. मागे एकदा रात्री उशिरा ‘ऑफिशियल’वर कुणीतरी काहीतरी टाकलं आणि लगेच पुसलं. पाठवलेलं कदाचित साधं ‘ओके सर’ असेल. पण त्या रात्री साकोलीपासून तुमसरपर्यंत फोन चालू होते. सकाळी स्टाफरूममध्ये त्या एका पुसलेल्या ओळीचे किमान चार पाठभेद उपलब्ध होते, आणि संशोधकाला लाजवतील असे.

चोवीस तासांच्या प्रस्तावाला पहिली हरकत मॅडमनी घेतली. आमचा निम्मा स्टाफ नागपूरहून अप-डाउन करतो. शनिवारी रात्री टाकलेली सूचना रविवारी रात्री गायब झाली तर सोमवारी अख्खं कॉलेज ‘दिसलीच नाही’ म्हणायला मोकळं. प्राचार्य विचारात पडले. इथे माझ्या मनात जय येऊन गेला. पवनी-कऱ्हांडल्याच्या जंगलातला तो नामांकित वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर असूनही, एप्रिल २०१६ नंतर कुणाला दिसला नाही. वाघाची ही गत, तर सोमवारी पहिल्या तासाच्या सरांचं काय घेऊन बसलात.

मॅडमचं स्वतःचं मत दुसऱ्या टोकाचं. एकही मेसेज पुसायचा नाही. नॅकच्या स्वयंअध्ययन अहवालात गेल्या पाच वर्षांचा हिशेब द्यावा लागतो, दर वर्षीचा अहवाल वेगळा, आणि हिशेब म्हटला की पुरावा आला. वृक्षारोपणाचा फोटो हवा, तोही अक्षांश-रेखांशांसह. आमच्या आवारात लावलेली कित्येक झाडं गेली, त्यांचे अक्षांश मात्र ‘नॅक फायनल फायनल’मध्ये सुरक्षित आहेत. पाच वर्षांनी कोणता फोटो लागेल ते आज सांगता येत नाही, म्हणून सगळे ठेवायचे, हा मॅडमचा तर्क. त्यांच्या फोनला महिन्यातून एकदा ‘जागा संपली’ असा झटका येतो आणि त्या मुलाच्या बारशाचे फोटो पुसून क्रायटेरिया ३ साठी जागा करतात.

जागा कशानं संपते हे तसं जगजाहीर आहे. भारतातले फोन गुड मॉर्निंगच्या चित्रांनी तुंबतात, हे थेट गूगलच्या संशोधकांच्या ध्यानात आल्याची बातमी २०१८ च्या सुरुवातीला आली होती, आणि ती चित्रं हुडकून एका फटक्यात पुसणारी सोयही त्यांनी केली होती. कमळ, कप, किरण आणि कृष्ण यांच्या पलीकडे माणसाचं काही महत्त्वाचं असेल तर ते वाचावं, हा उदात्त हेतू. आमच्या स्टाफवर तिचा प्रयोग झाला तर तीन-चार प्राध्यापकांचं अख्खं व्हॉट्सॲपच पुसलं जाईल.

आता बडे बाबू बोलले. ते बोलतात तेव्हा खुर्चीत मागे रेलत नाहीत, पुढे सरकतात. “सर, हे नवीन कायी नाही. आमच्याकडे सहा गठ्ठे हायेत ना जी.”

महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत ही सहा गठ्ठ्यांची पद्धत जुनी. हातातली चालू प्रकरणं, कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहणारी प्रतीक्षेतली, ठरलेल्या वेळी पाठवायची नियतकालिकं, स्थायी आदेशांची संचिका, अभिलेख कक्षात रवाना करायचे कागद आणि नष्ट करायचे कागद. त्यावर पुन्हा वर्ग: ‘अ’ कायमचे, ‘ब’ तीस वर्षांचे, ‘क’ दहा, ‘क-१’ पाच, आणि ‘ड’ म्हणजे एका वर्षात शेकोटीला. १९८०च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीतल्या धुळीत हात घालून रेकॉर्ड शिस्तीत लावायला लावलं, तो ‘लखिना पॅटर्न’ बडे बाबू श्रद्धेनं सांगतात. त्यांचं लग्न कधी झालं ते त्यांना आठवून सांगावं लागतं, पण कोणता कागद ‘क’ आणि कोणता ‘क-१’ हे नाही.

मग व्हॉट्सॲपचे सहा गठ्ठे करायला बसलो, आणि गंमत अशी की ते झकास बसू लागले. समोरच्याचं ‘टायपिंग’ दिसतं आणि उत्तर काही येत नाही, ते प्रतीक्षेत. गुड मॉर्निंग हे नियतकालिक. ‘कृपया या ग्रुपवर फक्त शैक्षणिक पोस्ट टाकाव्यात’ हा स्थायी आदेश. तो ग्रुप निघाल्यापासून दर महिन्याला निघतो आणि त्याच्याखाली लगेच कुणीतरी मुळव्याधीवरचा घरगुती उपाय टाकतो. विनोद आणि राजकारण ‘ड’ वर्गात. ग्रंथपाल म्हणाले, राजकारण ‘अ’ मध्ये टाका, ते कुणी विसरत नाही.

घोळ झाला तो एका खऱ्या मेसेजवर. तो धानाच्या रोवणीच्या दिवसांतला होता. मी तो शब्दशः देत नाही, आशय देतो. सुरुवातीला सर्वांना शुभ सकाळ आणि दोन हात जोडलेले. मग, उद्याचा पेपर दहाऐवजी साडेनऊला. मग, बायकोच्या मामांचं निधन झाल्यामुळे मी दोन दिवस किरकोळ रजेवर. आणि शेवटी, कुणाच्या ओळखीत पऱ्हे लावायला बाया असतील तर कळवा, मजुरी रोखीनं देऊ.

बडे बाबू बराच वेळ त्या मेसेजकडे बघत राहिले. रजा रजा-नोंदवहीत जायला हवी. परीक्षेची वेळ परीक्षेच्या फाइलला. निधनाची बातमी शोकसभेच्या रजिस्टरला. मजुरांचा मजकूर ‘ड’. आणि शुभ सकाळ हे नियतकालिक. “एका मेसेजचे पाच तुकडे कसे करू जी?” असं ते म्हणाले तेव्हा त्यांच्या आवाजात मला पहिल्यांदाच हार ऐकू आली. फाइलींचं शास्त्र एका गोष्टीवर उभं आहे: एका कागदावर एक विषय. शाळेत अर्ज लिहायला शिकवताना आपण तेच शिकवतो, विषय आणि संदर्भ. व्हॉट्सॲपवर माणूस विषय टाकत नाही, स्वतः येऊन बसतो आणि बोलतो. बोलण्याला ‘क-१’ कसं म्हणणार?

कायद्याला मात्र हे असं हताश होऊन चालत नाही. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा संगणकातल्या मजकुरालाही अभिलेख मानतो. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, तोही २००५ चाच, सार्वजनिक अभिलेख नियमबाह्य नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवतो. उलट २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा म्हणतो, कुणाची खासगी माहिती ज्या कामासाठी घेतली ते काम झालं की ती पुसून टाका. आणि जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारनं आपल्या कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यमांबद्दल जो शासन निर्णय काढला, त्यात कार्यालयीन समन्वयासाठी व्हॉट्सॲप-टेलिग्राम वापरायला मुभा आहे. म्हणजे वापरा, ठेवा आणि पुसा.

“म्हणजे ठेवलं तर एक कायदा, पुसलं तर दुसरा?” प्राचार्यांनी विचारलं.

“म्हनून तं आमी फाइल हरवली म्हनतो सर,” बडे बाबू म्हणाले. “पुसली कोनी म्हनत नाही.”

हे मी इतिवृत्तात घेतलं नाही.

संगणकाच्या सरांनी मग परदेशातलं सांगितलं. गूगलच्या स्वतःच्या चॅटमध्ये ‘हिस्टरी’ बंद ठेवली की संदेश चोवीस तासांत नाहीसे होतात. प्राचार्यांचा चेहरा उजळला. एवढी मोठी कंपनी आणि मत तंतोतंत आपलंच. पण सरांचं वाक्य पुरं झालं नव्हतं. एपिक या खेळ बनवणाऱ्या कंपनीनं गूगलवर खटला भरला, तेव्हा कोर्टानं चॅट मागितले, आणि ते जपून ठेवलेले नव्हते. मार्च २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीश डोनाटो यांनी त्याबद्दल गूगलचे कान उपटले. जगातलं सगळं शोधून देणाऱ्या कंपनीला स्वतःचं बोलणं सापडेना. प्राचार्यांनी पोह्यांची बशी बाजूला सरकवली.

तेवढ्यात चहा घेऊन शिपाई भाऊ आत आले आणि दारातच थांबले, कारण विषय त्यांचाही होता. ‘ऑफिशियल’ ग्रुपचे ॲडमिन तेच. आधीच्या प्राचार्यांनी नवा फोन घेतला तेव्हा त्यांना ग्रुप काढता येईना, भाऊंनी काढून दिला, तेव्हापासून कॉलेजच्या सर्वोच्च माध्यमाची सत्ता चहाच्या टेबलाशेजारी आहे. कुणाला आत घ्यायचं, कुणाला बाहेर काढायचं, हे प्राचार्य भाऊंना सांगतात आणि भाऊ सवडीनं करतात. “कोनी कायी बाही टाकलं तं जेलात मीच जाईन ना जी? सगळं पुसूनच टाका.”

भाऊंची भीती दूर करण्यापुरतं कोर्ट जवळच निघालं. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावला एका ग्रुपवर कुणीतरी महिला सदस्याबद्दल अभद्र मजकूर टाकला, ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं. १ मार्च २०२१ ला खंडपीठानं तो गुन्हा रद्द करताना सांगितलं की ॲडमिन माणसं जोडू शकतो आणि काढू शकतो. कोण काय लिहिणार हे त्याला आधी कळायचा मार्ग नाही, म्हणून आधीपासून संगनमत असल्याशिवाय त्याला जबाबदार धरता येत नाही. गोंदिया १९९९ पर्यंत भंडाऱ्यातच होतं, तेव्हा व्हॉट्सॲपच्या कायद्याला आमच्या जुन्या जिल्ह्याचा हा हातभार आहे असं म्हणायला हरकत नाही. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. कोर्टानं आपल्या अधिकारांची मर्यादा सांगितली की व्याप्ती, यावर त्यांचं काही ठरेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुळव्याधीवाल्या सरांना ग्रुपमधून काढलं.

ग्रंथपाल आतापर्यंत गप्प होते. त्यांचा स्वतःचा एकच हितसंबंध: निवृत्त झालेले एक सर शब्दकोशाचा एक खंड घरी घेऊन गेलेले आहेत आणि ‘उद्या आणतो’ हे त्यांनी व्हॉट्सॲपवर लिहून दिलेलं आहे. तो ‘उद्या’ कायमचा जपला जावा, एवढीच मागणी. पण बोलायला लागले आणि ग्रंथपाल एकदम मालगुजारीत शिरले. आमच्या जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. कोहळी समाजानं बांधलेले, मालगुजारांच्या ताब्यातले हे तलाव १९५१ मध्ये मालगुजारी गेल्यावर सरकारकडे आले, आणि ‘माजी मालगुजारी’चं आद्याक्षरांवरून ‘मामा तलाव’ झालं. कुठल्या तलावाचं पाणी आधी कुणाच्या बांधीत, गाळपेर कोण करणार, चराई कुठे, जळण कुणी तोडायचं, या गावोगावच्या चालीरीती इंग्रजी अमदानीत वाजिब-उल-अर्ज नावाच्या दस्तात लिहून ठेवलेल्या आहेत. पाण्यावरून आणि मासेमारीवरून वाद झाला की तो दस्त नि निस्तारपत्रक आजही काढतात. “कोणत्या गुराख्यानं कुठे गुरं न्यायची, हे लिहिताना त्या कारकुनालाही हे ‘ड’ वर्गातलंच वाटलं असेल,” ग्रंथपाल म्हणाले.

आणि एकदा मागे जायला लागल्यावर माणूस मालगुजारांशी थांबत नाही. पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्यानं मिळून उत्खनन केलं. मोठा स्तूप निघाला, त्याच्या कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं निघाली. अमुक उपासिकेचं दान, तमुक भिक्षूचं दान. एकेका ओळीचा मजकूर, वर ना विषय ना संदर्भ, आणि दोन हजार वर्षं टिकला. प्राचार्य म्हणाले, “देणगीदारांची नावं ना? ती आपणही फलकावर लावतोच की.” यावर ग्रंथपालांना पुढे बोलवेना. मला मात्र वाटलं की प्राचार्य नकळत मुद्द्याच्या फार जवळ गेले. त्या स्तूपावर कुणाचं नाव कोरायचं राहून गेलं असतं तर तेव्हाही भांडण झालंच असतं, आणि नाव दगडात कोरायचं कारण बहुधा तेच होतं.

कारण समितीत बसलेल्या प्रत्येकाची मुदत कुठून येते, हे मला इतिवृत्त लिहिता लिहिता दिसू लागलं होतं. प्राचार्य ग्रुपवर आश्वासनं देतात. त्यांना चोवीस तास हवे. मॅडमना आश्वासनं गोळा करून वर पाठवायची असतात. त्यांना पाच वर्षं हवी. पदोन्नतीच्या प्रतीक्षेतले दोघे-तिघे प्राध्यापक, म्हणजे आमच्या भाषेत कॅसवाले, २०१८ च्या युजीसी नियमांप्रमाणे गुण जमवतात. ते कुठल्या समितीत होते याचा शेवटचा पुरावा कधीकधी ग्रुपवरचं ‘अभिनंदन सर’ एवढाच असतो. ज्याची पदोन्नती झाली, त्याला मात्र सगळं पुसावंसं वाटतं.

सगळ्यात लांबची मुदत मागितली ती संगणकाच्या तरुण सरांनी. कायमची. बैठकीत सगळ्यात कमी पगाराचे तेच. तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, आणि तेही बिल निघेल तेव्हा. त्यांच्या फोनमध्ये एक स्वतंत्र फोल्डर आहे. ‘बिल पाठवलंय’, ‘बिल वर गेलंय’, ‘बिल खाली आलंय’, ‘सही राहिली’, ‘मार्चनंतर बघू’. सगळे स्क्रीनशॉट, तारखेवार. दोन सत्रांमधल्या काळात ते कॉलेजच्या कोणत्याच रजिस्टरवर नसतात. त्या फोल्डरमध्ये असतात. धोरण सात दिवसांचं करा, नव्वद दिवसांचं करा, त्या फोल्डरला ते लागू होत नाही. व्हॉट्सॲप स्वतःच सांगतं, गायब होणारा मेसेज पुढे पाठवला किंवा त्याचा फोटो काढला तर तो राहतो. आमच्या कॉलेजचा खरा अभिलेख कक्ष तळमजल्यावर जिन्याखाली नाही, प्रत्येकाच्या फोटोंच्या गॅलरीत आहे. मुलीचा वाढदिवस आणि धानाची गंजी यांच्या मधोमध प्राचार्यांचं एक आश्वासन.

शेवटी मुदत सुचवली ती बडे बाबूंनी. “मेसेजचं आयुष्य भांडनाएवढं ठेवा. ज्याच्यावर भांडन नाही तो उद्याच पुसा. ज्याच्यावर हाय, तो मिटेपर्यंत. आन् मिटलं की वरती नव्वद दिवस, काहून का मिटलेलं भांडन परत निंगते.” इतक्या वर्षांत मी ऐकलेली ही धोरणाची सगळ्यात प्रामाणिक व्याख्या, आणि मी ती लगेच मराठीत, म्हणजे ‘वादग्रस्त संदेशांचे जतन वादपरिहारोत्तर ९० दिवसांपर्यंत करण्यात येईल’ अशा मराठीत, लिहून घेतली. मॅडमनी एक उपसूचना जोडली: वादग्रस्त कोणता हे कोण ठरवणार? त्यावर वाद झाला. सबब तो मुद्दा वादग्रस्त म्हणून जतन करायचं ठरलं.

आता सह्या. निम्म्या समितीला नागपूरची गाडी गाठायची होती, म्हणून प्राचार्य म्हणाले, मसुदा ग्रुपवर टाका, प्रत्येकानं अंगठा दाखवावा, तो होकार समजू. पाच अंगठे आले. पण अंगठ्यांना कागदोपत्री वजन हवं. प्राचार्यांना कुठून तरी माहीत होतं की मुंबई उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये क्रेडिट कार्डाच्या थकबाकीच्या एका प्रकरणात व्हॉट्सॲपवरची नोटीस बजावली गेली असं मानलं होतं, कारण निळ्या टिक दिसत होत्या; समोरच्यानं फाइल उघडलीही होती. म्हणून निळी टिक हवीच. ज्यांनी निळी टिक बंद करून ठेवली होती ते मिशीत हसले, पण ग्रुपमध्ये ती बंद होत नाही हे संगणकाच्या सरांनी सांगितलं तेव्हा हसू मिशीतच राहिलं. सरांनी आणखी एक सांगितलं. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरला की उशिरा, यावरून खोतकर आणि गोरंट्याल या दोन उमेदवारांत जे कोर्ट चाललं, त्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की संगणकीय मजकुराची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं. ते प्रमाणपत्र कोण देणार, म्हणून सगळ्यांनी ज्यांच्या फोनमध्ये ग्रुप जन्मला त्या भाऊंकडे पाहिलं. भाऊ कप गोळा करायला लागले.

बडे बाबूंनी अंगठ्यांची प्रिंट काढली. ए-फोर कागदावर, वर जावक क्रमांक, खाली कॉलेजचा गोल शिक्का. अंगठे आले, टिकही आल्या, पण करड्या. कार्यालयाचा प्रिंटर काळा-पांढरा आहे. करडी टिक म्हणजे पोचलं, निळी म्हणजे वाचलं. प्रिंटमध्ये दोन्ही सारख्याच. फाइलीवरून बघता धोरण सर्वांना पोचलेलं आहे आणि कुणीही वाचलेलं नाही.

तेव्हा आता रंगीत प्रिंटरची मागणी टाकली आहे. खरेदी समितीचा नियम, तीन कोटेशन पाहिजेत. बाबूंनी भंडाऱ्यातल्या तीन दुकानांना कळवलं आणि तिन्ही कोटेशन त्याच दिवशी आली, व्हॉट्सॲपवर. तिसऱ्या दुकानदारानं आपल्या फोनमध्ये चोवीस तासांची मुदत लावून ठेवली आहे. बाबूंनी दुसऱ्या दिवशी कोटेशन उघडायला घेतलं आणि मग त्याला फोन लावला: “भाऊ, तुमचा भाव दिसून नाही राह्यला. कागदावर लिहून पाठवा ना जी, एसटीनं.”